आणायला गेला तो होशेय

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गेल्या पंधरवड्यात संसारातल्या निष्ठेवर एक लेख आला होता. त्यात होशेय संदेष्ट्याचा उल्लेख दीड ओळीत उरकला होता. बायबलमधल्या या माणसाने वाईट चालीच्या बायकोलाही नांदवलं आणि आजच्या मुली मात्र एवढ्यातेवढ्यावरून माहेरी येऊन बसतात, असा एकूण सूर. लेखकाच्या हेतूबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण तेवढं वाचून मी पेपर घडी करून ठेवला आणि दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. कारण हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, तीन महिन्यांपूर्वी मी एका घरात माझ्या कानांनी ऐकलं आहे.

गाव सांगत नाही. आमच्याच मंडळीतली, म्हणजे आमच्या चर्चमधली मुलगी, लग्नाला दोन वर्षंही झालेली नाहीत. ती माहेरी आली तेव्हा तिचा डावा कान सुजलेला होता आणि त्या बाजूने हाक मारली तर तिला कळत नव्हतं. मी भेटायला गेले, त्या वेळी मंडळीतले दोन वडीलधारे आधीच येऊन बसले होते. चहा झाला. मग त्यांतले एक जण समजुतीच्या आवाजात म्हणाले, "बाळ, होशेयने आपल्या बायकोला, गोमरला टाकलं नाही. आणि तू नवऱ्याला टाकून येतेस?" मुलीने ओढणी कानावरून पुढे ओढून घेतली. तिची आई दाराशी उभी होती, ती आत निघून गेली.

मी एकतीस वर्षं संडे स्कूल घेतलं आहे. होशेय मी कितीतरी वेळा शिकवला. आणि त्या दिवशी त्या खोलीत माझ्या तोंडून एक शब्द बाहेर पडला नाही. तेव्हा बोलायचं राहिलं ते आज लिहिते आहे.

मूळ गोष्ट अशी. ख्रिस्तपूर्व आठवं शतक. उत्तरेकडच्या इस्राएल राज्यात योवाशाचा मुलगा यराबाम राज्य करत होता. बाहेरून भरभराट होती, पण अश्शूर साम्राज्याचं सैन्य लवकरच दाराशी येणार होतं. ख्रिस्तपूर्व ७२२ च्या सुमाराला त्याची राजधानी शोमरोन पडली आणि ते राज्य संपलं. त्याआधीच्या काळातला हा होशेय. देव त्याला म्हणतो, जा, व्यभिचारी बाई बायको करून घे, कारण हा देशही मला सोडून असाच वागतो आहे. होशेय दिब्लाइमाची मुलगी गोमर हिच्याशी लग्न करतो. तीन मुलं होतात. पहिल्याचं नाव इज्रेल, जिथे रक्तपात झाला त्या खोऱ्यावरून. मग मुलगी, लो-रुहामा, म्हणजे जिच्यावर दया झाली नाही ती. तिचं अंगावरचं दूध तुटल्यावर तिसरा मुलगा, लो-अम्मी, माझे लोक नव्हेत. त्या पोरीला अंगणातून घरात बोलवताना रोज काय हाक मारली जात असेल, याचा विचार मी वर्गात मुलांना करायला सांगत असे. एकदा एक लहान मुलगी म्हणाली होती, "बाई, मी तर आलेच नसते." हिब्रूत त्या 'रुहामा'च्या मुळाशी आईच्या गर्भाशयाचा शब्द आहे. दया म्हणजे पोटातून येणारी माया. पुढच्याच अध्यायात देव ती नावं फिरवतो. 'लो' काढून टाकतो. भावांना म्हणा अम्मी, बहिणींना म्हणा रुहामा.

मग तिसरा अध्याय. अवघी पाच वचनं. देव पुन्हा म्हणतो, जा, दुसऱ्याची झालेल्या त्या बाईवर प्रीती कर. तिथे गोमरचं नाव घेतलेलं नाही, पण वाचणारी पिढ्यान् पिढ्या तीच समजत आली आहेत, आणि मलाही तसंच वाटतं. होशेय तिला विकत घेतो. स्वतःच्या बायकोला! पंधरा शेकेल चांदी आणि दीड होमर सातू. शेकेल म्हणजे आजच्या मापाने साधारण अकरा ग्रॅम. होमर म्हणजे एका गाढवावर लादायचं ओझं. निर्गमच्या पुस्तकात बैलाने मारलेल्या गुलामाची भरपाई तीस शेकेल सांगितली आहे. त्याच्या निम्मी चांदी याने मोजली आणि उरलेल्याचं धान्य घातलं, तेही गव्हाचं नाही, गरिबाच्या भाकरीचं. पुस्तकात कारण दिलेलं नाही. पण ज्या घरात महिनाअखेरीला पैसे मोजले जातात, तिथल्या माणसाला ते सांगावं लागत नाही. त्याच्याकडे तेवढीच चांदी होती.

इथे मला माझ्या थोरल्या भावाचं सांगायचं आहे. दादा जाऊन नऊ वर्षं झाली, वहिनी त्याच्या आधीच गेल्या, म्हणून आता सांगते. दादा साखर कारखान्यात फिटर होता. १९७९ साली वहिनी एका मुकादमाबरोबर निघून गेल्या. मागे दोन मुलं, धाकटं चार वर्षांचं. पंचक्रोशीत तोंड दाखवायला जागा राहिली नाही, असं आमची आई म्हणायची. अकरा महिन्यांनी कळलं, वहिनी नाशिकला एका खोलीत एकट्याच आहेत. तो माणूस त्यांना टाकून गेला होता. अंगात ताप, खोलीचं भाडं थकलेलं, किराणावाल्याची उधारी. दादा पहाटेच्या गाडीने निघाला. आई ओट्यावर उभी राहून जे बोलली ते मी इथे लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघं आली. वहिनी पदर डोक्यावरून थेट हनुवटीपर्यंत ओढून भिंतीशी बसल्या. मी दादाला पाणी दिलं, त्याने पेला घ्यायला हात पुढे केला, आणि मला त्याच्या मनगटावर पांढरा पट्टा दिसला. घड्याळाच्या पट्ट्याखाली ऊन न लागलेली कातडी. एचएमटीचं ते घड्याळ त्याने पहिल्या बोनसमधून घेतलं होतं, झोपतानाही काढत नसे. घरमालकाला द्यायला रोख कमी पडली, एवढंच तो म्हणाला. त्यानंतर मी होशेयचा तिसरा अध्याय वाचते तेव्हा सातूपाशी आले की मला ते मनगट दिसतं.

त्या तिसऱ्या अध्यायात अजून एक गोष्ट आहे, आणि ती उपदेशात कधीच येत नाही. तिला घरी आणल्यावर होशेय म्हणतो, पुष्कळ दिवस तू माझ्यासाठी थांब, मीही तुझ्यासाठी तसाच थांबेन. म्हणजे आणली आणि लगेच हक्क गाजवला, असं नाही. आमचा दादा पावसाळा संपेपर्यंत ओट्यावर झोपला. पावसाची सर आली की वळकटी उचलून मुलांच्या खोलीत जायचा. लोक हसायचे. तो कुणाला काही बोलला नाही.

आता मुद्द्याचं लिहिते. या गोष्टीत दुखावला गेलेला कोण? होशेय. उठून गेला कोण? होशेय. पैसे मोजले कुणी, बोल ऐकले कुणी? होशेयनेच. गोमरला कुणीही सांगत नाही, मार खा आणि नांद. आणि होशेय तरी कुणाचं चित्र आहे? देवाचं. अकराव्या अध्यायात देव स्वतःच त्या उत्तरेकडच्या राज्याला एफ्राइम म्हणून हाक मारतो आणि म्हणतो, एफ्राइमा, तुला मी कसा सोडू? माझं काळीज आत उलटून आलं आहे. मी रागाच्या भरात वागणार नाही, कारण मी देव आहे, माणूस नाही. जे तो आपल्या देवपणाचं कारण म्हणून सांगतो, ते ओझं आपण तेवीस वर्षांच्या, कान फुटलेल्या पोरीच्या डोक्यावर ठेवतो, आणि ज्याने हात उचलला त्याला एक शब्द विचारत नाही. होशेयच्याच पुस्तकात म्हटलं आहे की एफ्राइम न उलटलेली भाकर आहे. ज्या बाईने तव्यावर भाकरी टाकली आहे तिला कळेल, खालून करपली आणि वरून पीठ. त्या दिवशीचा तो उपदेश तसा होता.

दादाने जे केलं ते त्याने केलं. त्याला तसं करायला कुणी भाग पाडलं नव्हतं, आणि त्याने वहिनींना परत आणलं नसतं तर मी त्याला दोष दिला नसता. तो कायदा नव्हे. दादाच्या जागी बहीण असती आणि तिला मारणारा नवरा असता, तर दादाच पहिल्या गाडीने जाऊन तिला घेऊन आला असता.

एक गोष्ट मला लपवायची नाही. होशेयचा दुसरा अध्याय वाचताना माझा आवाज बसतो. तिला उघडी करीन, तिची वाट काट्यांनी अडवीन, असे शब्द तिथे आहेत. ते देशाला उद्देशून आहेत, धान्य, द्राक्षारस आणि तेल देणारा कोण हे विसरून बआल नावाच्या दैवताच्या मागे लागलेल्या लोकांना उद्देशून, हे मला माहीत आहे. तरी ते बाईच्या अंगाची भाषा वापरून लिहिले आहेत, आणि मारणाऱ्या हातांनी अशा शब्दांचा आधार घेतलेला आहे. अनेक अभ्यासक स्त्रियांनी यावर कठोर लिहिलं आहे आणि त्यांचं म्हणणं मला टाळता येत नाही. मी मुलींच्या वर्गात ती वचनं कधी मोठ्याने वाचली नाहीत. पण तो अध्याय तिथे थांबत नाही. पुढे देव म्हणतो, मी तिला रानात नेईन आणि तिच्या मनाशी बोलेन, अखोरचं, म्हणजे संकटाचं, खोरं तिला आशेचं दार म्हणून देईन. आणि त्या दिवशी ती मला 'इशी' म्हणेल, 'बाली' म्हणणार नाही. इशी म्हणजे माझा नवरा. बाली म्हणजे माझा मालक, आणि त्यात त्या बआल दैवताचंही नाव आहे. आपल्या भाषेत तर हे समजावून सांगायचीही गरज नाही. आमच्याकडच्या बायका नवऱ्याला अजून 'मालक' म्हणतात. देव म्हणतो आहे, मला मालक म्हणू नकोस.

याच्या थोडी पुढची दोन वचनं मला पहिल्यांदा कळली ती चर्चमध्ये नाही. नोकरी लागली तेव्हा मी सुरुवातीची काही वर्षं रायगड जिल्ह्यात होते आणि एका बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, कुटुंबाच्या घरी भाड्याने राहत होते. त्यांची बहुतेक भावंडं इस्राएलला गेलेली, हे आजोबा मागे राहिलेले. मराठी आमच्याहून अस्सल. सकाळी खिडकीपाशी उभे राहून ते डाव्या दंडाला चामड्याची छोटी पेटी बांधत, पट्टा हातावर गुंडाळत आणि शेवटी मधल्या बोटाला तीन वेढे देत. प्रत्येक वेढ्याला काहीतरी पुटपुटत. एकदा मी विचारलंच. ते म्हणाले, "होशेयचं आहे. मी तुला सर्वकाळासाठी वाग्दत्त करून घेतो. नीतीने, न्यायाने, मायेने आणि दयेने. विश्वासूपणे." मग बोटाकडे बघून म्हणाले, "रोज सकाळी लग्न लागतं बाई."

त्यातल्या मायेला हिब्रूत 'हेसेद' म्हणतात. दिलेल्या शब्दाला धरून राहणारी माया. सहाव्या अध्यायात देव यज्ञ नको, हेच हवं म्हणतो, आणि मत्तयच्या शुभवर्तमानात येशूने हे वाक्य दोनदा काढलं आहे, दोन्ही वेळा दुसऱ्याला दोष द्यायला निघालेल्या धार्मिक माणसांपुढे.

आपल्याकडे हे पुस्तक मूळ हिब्रूवरून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणलं ते पंडिता रमाबाईंनी. केडगावच्या मुक्तिसदनात तिथल्याच बायकांनी त्यांचं बायबल छापलं. लोकांनी 'पतित' म्हणून टाकलेल्या बायकांसाठी त्याच आवारात कृपासदन होतं. होशेयचं भाषांतर करणाऱ्या बाईंना गोमर कोण हे कुणाला विचारावं लागलं नसेल. त्यांनी तिला दार उघडून आत घेतलं होतं.

वहिनींबद्दल राहिलं. पूर्वी त्या दादाला मालक म्हणायच्या. परत आल्यावर कितीतरी महिने त्यांनी त्याला काहीच म्हटलं नाही, निरोप मुलांकरवी चालायचे. दिवाळीच्या आधीची एक पहाट मला आठवते. मी चुलीपाशी होते. वहिनी मागच्या दारात आल्या आणि ओट्याकडे बघून म्हणाल्या, "अहो, पाणी तापलंय." दादा उठून बसला, पण लगेच उत्तर देऊ शकला नाही.

ती मुलगी अजून माहेरीच आहे. कानावर उपचार चालू आहेत. तिच्या घरी आपलाच पेपर येतो आणि तिचे वडील तो शेवटच्या पानापर्यंत वाचतात. शक्य झाल्यास हे पत्र रविवारी छापावं. रविवारी उपासनेनंतर ते दोन वडीलधारेही त्यांच्याकडे चहाला येतात.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका
जि. अहिल्यानगर