ट्रिप होते म्हणून आरसीसीबी डायरेक्ट करू नका

महोदय,

आपल्या शेतीच्या पानावर हरितगृहांविषयी पुष्कळ छापून येते. वाण, खते, ठिबक, कीड, सगळे. आतल्या वायरिंगविषयी मात्र कधी वाचलेले आठवत नाही. मी सव्वीस वर्षे वायरमनचे काम करतो. नुकतेच फुलांच्या एका जुन्या, मोठ्या हरितगृहाचे वायरिंग मुळापासून बदलले, त्यावरून हे पत्र.

मला बोलावले होते ते एका कामगार बाईंच्या तक्रारीवरून. ओल्या हाताने लोखंडी खांब धरला की मुंग्या येतात, असे त्या सांगत होत्या. मुख्य बोर्ड उघडला. आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारे उपकरण, जागेवर होती, पण वायरी तिला वळसा घालून थेट पुढे गेलेल्या. तो वळसा अकरा वर्षांपूर्वी मीच घातला होता. तेव्हा आरसीसीबी रोज पहाटे पडायची, पंखे थांबायचे, आणि ऊन चढले की बंद हरितगृहात झाडे होरपळायची. मालक म्हणाले, ‘तेवढं डायरेक्ट करून द्या, दमट दिवस संपले की बघू.’ मी करून दिले. नंतर कुणीच बघितले नाही, मीही नाही.

पुष्कळांना वाटते, एमसीबी (जादा भार किंवा शॉर्ट झाला की तोडणारा स्विच) आहे ना, मग झाले. एमसीबी वायर वाचवते, माणूस नाही. भिजलेल्या अंगाचा रोध साधारण 1000 ओहमपर्यंत खाली येतो. 230 व्होल्टला त्यातून 230 मिलिअँपिअर वाहतात. एवढा प्रवाह हृदयाची लय बिघडवून जीव घ्यायला पुरेसा आहे, आणि 16 अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. आरसीसीबी गेलेला आणि परत आलेला प्रवाह ताडून पाहते आणि 30 मिलिअँपिअरचा फरक पडला की तोडते. म्हणजे ती रोज पहाटे पडत होती तेव्हा ती बिघडलेली नव्हती. गळती आहे, एवढेच ती सांगत होती.

ती गळती कुठे आहे हे या वेळी शोधले. 500 व्होल्टच्या मेगरने (वायरीच्या आवरणाचा रोध मोजणारे यंत्र) एकेक लाइन सुटी करून मोजली. निदान 1 मेगओहम हवे, तिथे पंख्यांच्या एका लाइनवर 0.2 मिळाले. पण खरा चोर होता जंक्शन बॉक्स. पाणी शिरू नये म्हणून कुणी तरी सगळे बॉक्स सिलिकॉनने गच्च बंद केले होते, आणि उघडल्यावर प्रत्येकात बोटभर पाणी! दिवसा बॉक्स तापतो, आतली हवा फुगून फटीतून बाहेर जाते. रात्री गार झाला की तीच फट दमट हवा आत ओढते. तिचे पाणी होऊन तळाशी साचते आणि त्याला बाहेर पडायला वाट नसते. सिलिकॉनने पाणी थांबत नाही, कोंडते. त्यात खतांचे क्षार आणि गंधकाची धुरी. वायरींच्या टोकांचे तांब्याचे लग हिरवे-काळे पडून हाताने तुटत होते.

नवे बॉक्स आयपी 65 चे, म्हणजे धूळ आणि पाण्याचा फवारा आत न येऊ देणारे, घेतले, वायरी खालून ग्लँडमधून (वायर घट्ट आवळणारे तोंड) आणल्या, ग्लँडच्या आधी वायरीला खाली झोल दिला म्हणजे ओघळणारे पाणी तिथेच टपकते, आणि तळाला तयार ड्रेन प्लग बसवला. मुख्य बोर्ड बाहेरच्या कोरड्या खोलीत नेला. पाण्याचे व्हॉल्व्ह 24 व्होल्टवर घेतले. सगळे खांब, पाइप आणि पंख्यांच्या चौकटी अर्थिंगने एकमेकांना जोडल्या. जुन्या बांधणीत हे हमखास राहून गेलेले असते.

पण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते पंख्यांचे. मालकाने डायरेक्ट मागितले ते एकाच आरसीसीबीवर सगळे हरितगृह लटकत होते म्हणून. पीक डोळ्यांदेखत जात असेल तर माणूस दुसरे काय करणार? आता पंख्यांचे चार गट आहेत, प्रत्येकाला 30 मिलिअँपिअरची स्वतंत्र आरसीसीबी, शिवाय बॅटरीवर चालणारा भोंगा. शेती-बागायतीच्या जागांसाठी आयईसी 60364 या आंतरराष्ट्रीय वीज-मानकात 705 हा खास भाग आहे. त्यात 32 अँपिअरपर्यंतच्या सॉकेटला 30 मिलिअँपिअर आणि सॉकेट नसलेल्या सर्किटला जास्तीत जास्त 300 सांगितले आहेत. 300 चा आकडा आगीपासून बचावासाठी ठीक आहे, शॉक लागलेल्या माणसाला तो वाचवणार नाही. म्हणून जिथे ओला हात पोचतो तिथे मी 30 च ठेवले.

माझ्या व्यवसायबंधूंना कळकळीने सांगतो, मालक ‘डायरेक्ट करा’ म्हणाले तर आधी मेगर काढा आणि सर्किट वेगळी करण्याचा खर्च त्यांच्यापुढे मांडा. तरीही ऐकले नाही तर काम सोडा. मी तेव्हा सोडायला हवे होते.

काम संपल्यावर आठवडाभरातच एका दमट पहाटे तिसऱ्या गटाची आरसीसीबी पडली. भोंगा वाजला, बाकीचे तीन गट चालूच राहिले. एक ग्लँड मी नीट आवळला नव्हता. अर्ध्या तासात सापडला.

आपला,
एक वायरमन