अण्णांची तबकडी

प्रिय दिल्या,

फोनवर सांगायला घेतलं असतं तर निम्मं विसरलो असतो म्हणून लिहितोय, सावकाश वाच. परवा रविवारी पोरगी आणि जावई मला डेथ व्हॅलीला घेऊन गेले, लॉस एंजलिसपासून चार-साडेचार तास, आणि त्यातला निम्म्याहून जास्त रस्ता नुसतं वाळवंट, मोहावी म्हणतात त्याला. बारा वाजून गेलेले, समोर रस्त्यावर पाणी साचल्यासारखं दिसायचं आणि जवळ गेलं की काही नाही, आणि जावयानं सहज मोबाईलवर जुनी गाणी लावलेली त्यात एकदम 'कूल वॉटर' लागलं. दिल्या, तुझ्या अण्णांचं 'कूल वॉटर'! मी पोरीला म्हटलं गाडी जरा कडेला घे. तिला वाटलं मला मळमळतंय. दार उघडून नुसता उभा राहिलो, गाणं संपेपर्यंत.

हे आपल्या तबकडीवरचं, मार्टी रॉबिन्सनं गायलेलं नव्हतं. हे सन्स ऑफ द पायोनियर्स नावाच्या मंडळींचं, १९४१ सालचं, आणि मूळ गाणं त्यांच्यातल्याच बॉब नोलननं लिहिलेलं. एक माणूस आणि त्याचं डॅन नावाचं खेचर, दोघं तहानेनं व्याकूळ, पुढं पाणी दिसतंय आणि माणूस खेचराला समजावतोय की ते खरं नाही रे, बघू नकोस तिकडं. मुख्य गाणारा एक ओळ म्हणतो आणि मागनं बाकीचे लांबून हाक आल्यासारखं 'वॉटर' म्हणतात, हळू, विरत जाणारं. मृगजळ आवाजात कसं दाखवायचं असं कुणी विचारलं तर मी हेच ऐकवीन. आपण लहानपणी ते 'वाटर, वाटर' करत अंगणात फिरायचो, अर्थ कुठं कळत होता, पण अण्णांनी सांगितलेलं आठवतं, त्यो माणूस स्वतःची तहान विसरून जनावराला धीर देतोय बघा.

तर तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय. इथं पोरीकडं वेळ भरपूर आहे, संध्याकाळी जुने पिक्चर बघत बसतो, पुस्तकं आणलीत लायब्ररीतनं. आणि ग्रिफिथ पार्कात ते ऑट्री म्युझियम आहे तिथं तर दोनदा जाऊन आलो. अंगणात जीन ऑट्रीचा, म्हणजे जुन्या पिक्चरमधल्या गाणाऱ्या काउबॉयचा, ब्राँझचा पुतळा आहे, हातात गिटार, शेजारी त्याचा चॅम्पियन घोडा. पुतळ्यासमोर उभा राहिलो आणि एकच वाटलं, अण्णा इथं पाहिजे होते.

कारण तुला माहितेय का हा ऑट्री मूळचा कोण? रेल्वेचा तारबाबू! टेक्सासात १९०७ साली जन्म, आणि तरुणपणी ओक्लाहोमात फ्रिस्को रेल्वेवर टेलिग्राफ ऑपरेटर, रात्रपाळीला गाडी नसली की गिटार काढून बसायचा. अण्णा पण मिरज जंक्शनला तारेवरच ना. रात्रपाळीला एक गाडी गेली आणि दुसरी यायची असली की प्लॅटफॉर्मच्या टोकापर्यंत गुणगुणत चक्कर मारायचे. आपण एकदा डबा द्यायला गेलो होतो बघ, पावसात लाईट गेलेली, काही दिसत नव्हतं आणि नुसत्या आवाजावरनं कळलं की अण्णा तिकडनं येतायत. पोर्टर म्हणाला होता, साहेबांचा आवाज आला की बरं वाटतं, एकटं वाटत नाही.

आता हे ऐक. हे मला इथं वाचून कळलं आणि अंगावर काटा आला. खरे काउबॉय, म्हणजे सिनेमातले नाही, १८६६ नंतरची वीस वर्षं जे टेक्सासातनं गुरांचे कळप हाकत कॅन्ससच्या रेल्वेपर्यंत न्यायचे ते, एका कळपात दोन-दोन तीन-तीन हजार गुरं आणि हाकायला दहा-बारा माणसं. रात्री कळप बसला की दोघंजण पहाऱ्याला, घोड्यावरनं कळपाभोवती गोल फिरायचे, एक इकडनं, दुसरा उलट बाजूनं, आणि फिरताना सारखं हळू आवाजात गात राहायचे. जनावर रात्री कशानंही बिथरतं, वीज कडाडली, तवा पडला, की सगळा कळप उधळला आणि वाटेत येईल त्याचा चेंदामेंदा. म्हणून आवाज चालू ठेवायचा, म्हणजे अंधारात माणूस जवळ आला तरी गुरं दचकत नाहीत, आणि समोरनं येणाऱ्या जोडीदाराला पण कळतं की आपला माणूस कुठं आहे. काहीही म्हणायचे, चर्चमधलं भजन, आईकडनं ऐकलेलं, शब्द विसरले की नुसतं गुणगुणणं. बरेचसे पोरगेले होते, त्यात काळे होते, मेक्सिकन होते. गाणी पुढं हातोहात फिरली, आपल्या जात्यावरच्या ओव्या फिरल्या तशीच, १९०८ साली जॅक थॉर्पनं आणि १९१० साली जॉन लोमॅक्सनं ती पुस्तकात गोळा केली तोवर कुणाचं कुठलं गाणं हे सांगणं कठीण झालं होतं.

म्हणून कुणी म्हणालं ना की गाणारे काउबॉय हे सगळं खोटं, हॉलिवूडनं बनवलेलं, तर मला आता राग येतो. कपडे खोटे होते मान्य. ते भरजरी शर्ट, झालरी, पांढरीशुभ्र टोपी, मारामारी झाली तरी टोपी डोक्यावरच. ऑट्रीच्या पिक्चरमध्ये तर घोडे पण आहेत आणि मोटारी, रेडिओ, विमानं पण आहेत, म्हणजे काळाचा काही ताळमेळच नाही. पण गाणं खोटं नव्हतं रे. रात्री एकट्या माणसानं गायचं, कुणाला तरी धीर यावा म्हणून, हे खरंच होतं. आणि १९३५ साल बघ ना, मंदीचा काळ, अमेरिकेच्या मधल्या भागात धुळीची वादळं, शेतं उडून गेलेली, लोक घर सोडून कॅलिफोर्नियाकडं निघालेले, आणि पोरं शनिवारी दहा सेंट देऊन थेटरात बसायची आणि पडद्यावर एक माणूस घोड्यावरनं गात यायचा. त्याच वर्षी ऑट्रीचा 'टम्बलिंग टम्बलवीड्स' आला. शीर्षकाचं गाणं परत बॉब नोलनचंच, लॉस एंजलिसमध्ये गोल्फच्या मैदानावर कॅडीचं काम करायचा तेव्हा लिहिलेलं. वाऱ्यावर घरंगळत जाणारं वाळकं झुडूप आणि आपण पण तसेच, एवढाच विषय.

त्याच नोलनबरोबर गाणारा एक लेन स्लाय होता, ओहायोचा. १९३८ साली ऑट्रीचं स्टुडिओशी पैशावरनं वाजलं आणि तो पिक्चर सोडून गेला तेव्हा ह्या पोराला उभं केलं, रॉय रॉजर्स नाव देऊन. मग ट्रिगर घोडा, मग नायिका डेल इव्हान्स, त्या दोघांनी १९४७ सालच्या शेवटच्या दिवशी लग्न केलं आणि 'हॅपी ट्रेल्स' हे निरोपाचं गाणं तिनं लिहिलेलं. रॉय आणि जीन दोघंही १९९८ सालीच गेले, एक जुलैत, एक ऑक्टोबरात. ऑट्री दुसऱ्या महायुद्धात मालवाहू विमानं चालवायचा, चीन-बर्मा-भारत आघाडीवर, म्हणजे हा माणूस आपल्याकडच्या आभाळातनं पण गेलाय!

टीव्ही आला आणि १९५०-५५ च्या आसपास हे पिक्चर संपले. पण गाणं संपलं नाही, ते दुसरीकडं गेलं, आणि मला विचारशील तर अजून वर गेलं. 'हाय नून', १९५२. परवा परत बघितला. सुरुवातीला एक शब्द बोलत नाही कुणी, माळावर एक माणूस झाडाखाली वाट बघत बसलाय, मग दुसरा येतो, मग तिसरा, आणि मागं फक्त टेक्स रिटरचा आवाज आणि ढोलकासारखा ठोका, घोड्याच्या चालीचा. लग्नाच्या दिवशीच नवऱ्याला कळतं की दुपारच्या बाराच्या गाडीनं वैरी येतोय, आणि तो बायकोला म्हणतोय मला सोडून जाऊ नकोस. सगळी गोष्ट गाण्यातच सांगून टाकली, तरी पुढचा दीड तास जीव टांगणीला. शाहीर कसा आधी दोन ओळींत काय होणार ते सांगतो आणि तरी लोक हलत नाहीत, तसंच. चाल दिमित्री टिऑमकिनची, हा युक्रेनमध्ये जन्मलेला, सेंट पीटर्सबर्गला शिकलेला, आणि काउबॉयचा माळ असा काय ओळखला त्यानं! ऑस्कर मिळालं गाण्याला. हेच गाणं फ्रँकी लेननं गायलेलं बाजारात जास्त चाललं, खणखणीत आहे, मान्य, पण मला रिटरच पाहिजे. त्याच्या आवाजात माणूस खरंच घाबरलाय आणि तरी उभा आहे.

आपण पहिल्यांदा थेटरात असलं काही ऐकलं ते 'मॅकेनाज गोल्ड'ला, आठवतंय? गिधाड वर घिरट्या घालतंय, खाली लालभडक दऱ्या आणि 'ओल्ड टर्की बझर्ड'. तू इंटरव्हलपर्यंत समोरची खुर्ची घट्ट धरून बसला होतास. त्यावर पानं भरतील, पण मला वेगळंच सांगायचंय.

तबकडीचं. हुबळीकडचा तो अँग्लो-इंडियन ड्रायव्हर ऑस्ट्रेलियाला कायमचा गेला तेव्हा अण्णांना देऊन गेलेला. कव्हर डोळ्यासमोर आहे, गुलबट लाल रंगावर काळ्या कपड्यातला मार्टी रॉबिन्स, हात पिस्तुलाकडं. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गावात हे काय लावता म्हणून शेजारचे बोलायचे आणि अण्णा म्हणायचे, खाँसाहेब पण ऐकून गप बसले असते. इथं वाचलं, तो सगळा अल्बम ७ एप्रिल १९५९ ला एकाच दिवसात रेकॉर्ड केला. आणि हा मार्टी ॲरिझोनातलं गरिबाघरचं पोरगं, ऑट्रीचा पिक्चर बघायला पैसे पाहिजेत म्हणून कापूस वेचायला जायचा. म्हणजे त्या तारबाबूचा आवाज ह्याच्यापर्यंत आला, ह्याचा अण्णांपर्यंत, अण्णांचा आपल्यापर्यंत.

दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं 'एल पासो'. त्या काळी रेडिओवर तीन मिनिटांच्या आत गाणं संपायचं, हे साडेचार मिनिटांच्या वर. काउबॉय, रोझाच्या कँटिनात, म्हणजे गुत्त्यात, नाचणारी फेलिना, मत्सरापायी एकाचा खून, चोरलेला घोडा, न्यू मेक्सिकोकडं पळ, आणि मग राहवत नाही म्हणून मरण समोर दिसत असताना परत. आधी सगळं झालेलं सांगत असतो आणि परत यायला निघाला की एकदम आत्ता घडतंय असं गायला लागतो, ते वळण असं येतं की छातीत धस्स होतं.

दिल्या, त्या गाण्याच्या शेवटाजवळचा ओरखडा माझा आहे. सातवीत होतो, तुम्ही सगळे देवाला गेला होतात, किल्ली आमच्याकडं होती. मी येऊन लावली, बाहेर आवाज आला, दचकलो, हात लागला आणि सुई घसरली. कुणाला बोललो नाही. त्यानंतर काउबॉय टेकडीवरनं खाली यायला लागला की सुई उडायची ती थेट शेवटच्या सुरावरच, मधला मरणाचा भाग गायब. आणि अण्णांनी एका शब्दानं विचारलं नाही. तेवढा भाग आला की सुई अलगद उचलायचे, तो भाग स्वतः म्हणायचे, डोळे मिटून, तोडक्यामोडक्या उच्चारात पण सुरात, आणि मग सुई परत ठेवायचे. किती वर्षं. आपल्यासाठी त्या गाण्याचा शेवट अण्णांच्याच आवाजात होता. त्यांना माहीत होतं का मी केलंय ते? मला वाटतं होतं, कारण म्हणताना एकदा माझ्याकडं बघून हसले होते.

डेथ व्हॅलीहून येताना मी जावयाला 'एल पासो' लावायला सांगितलं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा सलग ऐकलं. तो भाग आला, मार्टी रॉबिन्स गातोय, सुंदरच गातोय, मागं ग्रेडी मार्टिनची गिटार, आणि मला तो आवाज परका वाटला. रडायला आलं. पोरगी काही बोलली नाही, आरशातनं बघितलं फक्त.

तू मागं म्हणालास की वरची खोली रिकामी करायचीय, पोरं म्हणतात जुनं सामान काढून टाका. तबकडी ठेव. प्लेअर बंद असला तरी ठेव. सुई मी इथनं घेऊन येतोय, दुकानदाराला मॉडेल सांगण्यासाठी प्लेअरच्या खालचा नंबर तेवढा फोटो काढून पाठव, वहिनींना सांग त्या नीट काढतील. जानेवारीत १० तारखेला मिरजेत आहे. तो मधला भाग मला सगळा पाठ आहे, अण्णांच्या उच्चारासकट. तुला येतो का बघ.

तुझा,
मन्या