क्रिएटिनिन नॉर्मल, पण किडनी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या खान्देशातल्या आरोग्य शिबिरांत मधुमेहींची शुगर, बीपी आणि फार तर रक्तातले क्रिएटिनिन (किडनी गाळून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) तपासून ‘किडनी चांगली आहे’ असे सांगून टाकतात. हे धोक्याचे आहे. क्रिएटिनिन चढलेले दिसेपर्यंत किडनीची गाळण्याची ताकद जवळपास निम्मी गेलेली असू शकते.

किडनीच्या आत वण पडायला त्याआधीच सुरुवात होते, आणि त्यामागे प्रोटीन कायनेज असतात. प्रोटीन कायनेज म्हणजे एटीपी या पेशीतल्या ऊर्जा देणाऱ्या रेणूतला फॉस्फेट काढून दुसऱ्या प्रथिनाला जोडणारे प्रथिन. या एका जोडणीने ते दुसरे प्रथिन कामाला लागते किंवा थांबते. शुगर सतत चढी राहिली की पेशीतले प्रोटीन कायनेज सी जागे होते आणि टीजीएफ-बीटा हा पेशींना वण तयार करायला सांगणारा संदेश वाढतो. हा टीजीएफ-बीटा पेशीवरच्या ज्या रिसेप्टरला (संदेश झेलणाऱ्या प्रथिनाला) चिकटतो, तो स्वतःच कायनेज. तो स्मॅड-३ या प्रथिनाला फॉस्फेट लावतो, स्मॅड पेशीच्या केंद्रकात शिरते आणि कोलॅजन, म्हणजे वणाचे तंतू, तयार होऊ लागते. जखम भरायला हे लागतेच, इथे मात्र ते थांबत नाही. बायोप्सीच्या ट्रायक्रोम रंग दिलेल्या स्लाइडवर किडनीतल्या बारीक नलिकांच्या मध्ये निळे पट्टे दिसतात, ते हेच कोलॅजन. हा रिसेप्टर औषधाने थेट बंद केला तेव्हा प्राण्यांच्या हृदयाच्या झडपांना इजा झाली. त्याऐवजी रॅमिप्रिल, टेल्मिसार्टनसारख्या बीपीच्या गोळ्या वापरतात. त्या टीजीएफ-बीटा वाढवणाऱ्या अँजिओटेन्सिन या संप्रेरकाला आवरतात. या गोळ्या सुरू केल्यावर २ ते ४ आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासावे. क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढले तर घाबरून गोळी सोडू नये.

लघवीची ‘एसीआर’ तपासणी (लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाचे क्रिएटिनिनशी प्रमाण) वर्षातून एकदा तरी हवीच. नमुना सकाळच्या पहिल्या लघवीचा, मधल्या धारेचा द्यावा. ताप, लघवीचा संसर्ग किंवा पाळी असताना देऊ नये, आकडा उगाच वाढतो. ३० मिलिग्रॅम प्रतिग्रॅम किंवा जास्त आला तर ३ ते ६ महिन्यांत पुन्हा तपासावे. तीनपैकी दोनदा वाढलेला असेल तरच तो धरायचा.

वैशाखात रावेर-यावलच्या केळीबागांत राबताना अंगातले पाणी आटते, त्यात कंबरदुखीसाठी मेडिकलवरून आणलेली डायक्लोफेनॅक पोटात जाते. किडनीकडे जाणारी रक्तवाहिनी आवळते, नलिकांच्या पेशी दुखावतात आणि त्याही टीजीएफ-बीटा सोडतात. बीपीसाठी रॅमिप्रिल आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर डायक्लोफेनॅक नकोच. जुलाब-उलट्या लागल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारून त्या दोन्ही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्यात.

शिबिर घेणाऱ्या मंडळांना कळकळीची विनंती, रक्ताच्या सुईशेजारी लघवीची बाटलीही ठेवा.

आपले,
किडनीच्या रुग्णांवर उपचार करणारे काही डॉक्टर, जळगाव