झडप वर बांधून ठेवायला तुमच्याच माणसाने सांगितलं

दिनांक : १५ सप्टेंबर २०२५
चाकण, ता. खेड, जि. पुणे

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : ४८ इंची झिरो टर्न (जागच्या जागी वळणाऱ्या) गवत कापायच्या मशीनची सुरक्षा झडप तारेने वर बांधल्यामुळे झालेला अपघात आणि त्यावर तुम्ही दिलेलं उत्तर

महोदय,

मी चाकण एमआयडीसीतल्या तीन कारखान्यांच्या आवारातल्या हिरवळीचं काम बघते. माझ्याकडे चार माणसं आहेत आणि पाचवी मी स्वतः. तुमचं ४८ इंची मशीन आम्ही या फेब्रुवारीत कर्ज काढून घेतलं. उन्हाळाभर ते उत्तम चाललं, हे आधीच सांगते. इंजिनाबद्दल किंवा कापणीबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती डेकच्या, म्हणजे पात्यांवरच्या झाकणाच्या, उजव्या अंगाला जिथून कापलेलं गवत बाहेर फेकलं जातं त्या तोंडाची, म्हणजे चूटची, आणि त्यावरच्या काळ्या रबरी झडपेची.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागून राहिला आणि चूट तुंबायला लागली. ओल्या हरळीचे शेणाच्या पोसारखे गोळे हिरवळीवर पडायचे, मशीन दर दहा मिनिटांनी थांबवावं लागायचं. मी सर्व्हिस सेंटरला फोन केला. ११ जुलैला तुमचा मेकॅनिक आला. त्याने ब्लेडचा स्विच बंद केला, इंजिन मात्र चालूच ठेवलं आणि चूटमध्ये मनगटापर्यंत हात घालून गवत ओढून काढलं. माझ्या अंगावर काटा आला. मी "अहो, आधी मशीन बंद करा" म्हटलं, तर "रोजचं काम आहे ताई" म्हणाला. मग त्याने झडप वर उचलली, खिशातून बांधकामाची बाइंडिंग वायर काढली आणि झडप बेल्टच्या कव्हरला दोन पीळ देऊन घट्ट बांधून टाकली. "पावसाळाभर असंच राहू द्या, गवत मोकळं सुटतं." जॉब कार्डवर त्याच्या अक्षरात लिहिलंय, "चूट फ्लॅप ॲडजस्ट केला, मशीन ओके." त्याची प्रत सोबत जोडली आहे.

एक गोष्ट मला फार उशिरा दिसली. डेकवर धोक्याचा जो पिवळा स्टिकर आहे, माणसाच्या अंगावर दगड उडतानाचं चित्र असलेला, तो झडप वर बांधली की नेमका तिच्याखाली झाकला जातो. चार आठवडे आमच्यापैकी कुणालाच तो दिसला नाही. आणि दिसला असता तरी त्याखालचा मजकूर इंग्रजीत आहे. माझ्याकडे मशीन चालवायला असलेला मुलगा दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेला, हुशार आणि कामाला चोख आहे, पण तो मजकूर त्याच्यासाठी नसल्यातच जमा.

३० जुलैला पार्किंगमधल्या एका पिकअपच्या दारावर टक्क आवाज झाला आणि बारीकसा खड्डा पडला. तो तेव्हाच मनावर घ्यायला हवा होता. आम्ही कडेची खडी झाडून घेतली आणि काम चालू ठेवलं.

७ ऑगस्टला सकाळी साडेदहाच्या सुमाराला मशीन कंपाउंडच्या कडेने पहिला फेरा मारत होतं. उजवी बाजू, म्हणजे चूटची बाजू, बाहेर रस्त्याकडे होती. वीस-बावीस पावलांवर आमच्याकडे कामाला असलेल्या मावशी गवत ओढत होत्या. सुपारीएवढी एक खडी सुटली आणि त्यांच्या नडगीवर बसली. त्या खालीच बसल्या. आधी वाटलं साप चावला, कारण त्या पायाला धरून ओरडत होत्या आणि मशीनच्या आवाजात काही कळत नव्हतं. सहा टाके पडले. हाड वाचलं. त्याच फेऱ्यात त्या पिकअपची पुढची काचही तडकली. मावशींचं वय बावन्न आहे. खडी दोन हात वर आली असती तर काय झालं असतं, हा विचार आजही मला मशीनजवळ उभं राहू देत नाही.

त्या रात्री मी आणि माझी मुलगी मॅन्युअल घेऊन बसलो. ती मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तुमच्याच मॅन्युअलमध्ये ठळक अक्षरात छापलंय की झडप काढून, वर करून किंवा बदलून मशीन कधीही चालवू नये. तिने मला समजावलं की अशा मशीनच्या पात्याचं टोक सेकंदाला ९० मीटरच्या आसपास फिरतं, म्हणजे ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे. त्या टोकाला खडी लागली तर ती कुठे जाईल हे फक्त झडप ठरवते. झडप खाली असेल तर खडी जमिनीकडे वळते. वर असेल तर सरळ समोर जाते, माणसाच्या पायाच्या उंचीवर. तुमच्या कागदांत आयएसओ ५३९५ या सुरक्षा मानकाचा उल्लेख आहे. त्या मानकात यंत्रातून वस्तू बाहेर फेकल्या जाण्याची चाचणी असते आणि ती झडप जागेवर ठेवूनच करतात. म्हणजे ज्या मशीनला तुम्ही सुरक्षित म्हणून विकलंत, ते मशीन ११ जुलैनंतर माझ्याकडे राहिलंच नव्हतं.

आणि तुंबण्याचं काय? झडपेचा त्यात दोषच नव्हता. दुसऱ्या दिवशी आम्ही तार कापली, झडप खाली सोडली आणि मॅन्युअलप्रमाणे काम सुरू केलं. डेकच्या आतल्या बाजूला बोटभर जाडीचा वाळलेल्या गवताचा थर बसला होता, तो खरवडून काढला. तो थर असला की आतली हवा फिरत नाही आणि गवत तोंडापर्यंत पोचतच नाही. पाती बोथट झाली होती, धार लावून घेतली. पोरगा पेट्रोल वाचवायला अर्ध्या थ्रॉटलवर, म्हणजे इंजिनाचा वेग कमी ठेवून चालवायचा. आता थ्रॉटल पूर्ण ठेवून चाल कमी ठेवतो. एका वेळी गवताच्या उंचीचा एक तृतीयांशच भाग कापतो, फार वाढलं असेल तर डेक उंच ठेवून एकदा आणि दोन दिवसांनी परत एकदा. सकाळी आठऐवजी अकरानंतर, पानांवरचं पाणी उडाल्यावर सुरुवात करतो. तुंबलंच तर ब्लेड बंद, ब्रेक, इंजिन बंद, चावी खिशात, पाती पूर्ण थांबेपर्यंत थांबायचं आणि मग काठीने साफ करायचं. हात नाही.

फेऱ्यांची दिशाही बदलली. चूट उजवीकडे असल्यामुळे कडेचे पहिले दोन-तीन फेरे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मारले की गवत आणि खडी आत, मोकळ्या हिरवळीवर पडते. रस्ता, गाड्या, फुलांचे वाफे सुटतात. त्यानंतर दिशा उलटी करायची, म्हणजे गवत कापलेल्या भागावर पसरतं आणि तेच गवत दुसऱ्यांदा पात्याखाली येऊन ढीग होत नाहीत. भर पावसाच्या दिवसांत, झडप खाली ठेवून, आम्ही अडीच आठवडे असं काम केलं. एकदाच तुंबलं.

यातलं एक अक्षरही मशीन ताब्यात देताना कुणी सांगितलं नाही. डीलरच्या आवारात पंधरा मिनिटं चालू-बंद कसं करायचं, वळवायचं कसं, एवढंच दाखवलं. चालत्या मशीनवरून लिव्हर ओढून चूटचं तोंड थोडा वेळ बंद करणारी पट्टी काही मशीनना मिळते, हेही मला आता कळलं. पार्किंगसमोरून जाताना तेवढ्यापुरती ती बंद केली असती तर काच वाचली असती. ती फार वेळ बंद ठेवली तर गवत डेकमध्ये साठतं आणि ती झडपेला पर्याय नाही, हे मला मान्य आहे. पण माझ्या तिन्ही आवारांत गाड्या उभ्या असतात हे डीलरला माहीत होतं. विचारायला काय हरकत होती?

२६ ऑगस्टला झडप बिजागरीजवळ फाटून तुटली. चार आठवडे उलटी ताणून बांधल्याने तिथे आधीच चीर पडली होती. त्याच मिनिटाला मी मशीन बंद केलं. सुटा भाग मागितला तर सहा आठवडे लागतील म्हणाले. आणि अपघाताच्या तक्रारीवर तुमचं दोन ओळींचं उत्तर आलं : चूक चालकाची आहे, आणि मशीन व्यावसायिक वापराचं असल्याने तुम्ही ग्राहक ठरत नाही.

चालकाने झडप बांधली नाही, तुमच्या मेकॅनिकने बांधली. दुसऱ्या मुद्द्याबद्दल सांगायचं तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(७) चं स्पष्टीकरण कृपया वाचावं. स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी वस्तू घेऊन स्वतः वापरणाऱ्याला कायदा ग्राहकच मानतो. त्याच कायद्याचं कलम ८५ सदोष सेवा देणाऱ्यावर आणि धोका टाळण्याच्या पुरेशा सूचना न देणाऱ्यावर जबाबदारी टाकतं.

माझं म्हणणं असं : मावशींच्या उपचाराचा आणि बुडालेल्या मजुरीचा खर्च, आणि पिकअपच्या काचेचा खर्च तुम्ही द्यावा. माझे बुडालेले कामाचे दिवस मी मागत नाही. झडप, बिजागरी आणि स्प्रिंग विनामूल्य आणि लवकर मिळावी. झडप तुमच्या गोदामात कायम असायला हवी, ती वाटेल तेव्हा मागवायची वस्तू नाही. चूटजवळचा इशारा मराठीत आणि हिंदीत, झडप वर असतानाही दिसेल अशा जागी लावावा. आणि ज्याने माझ्या मशीनला तार बांधली त्याने या पावसाळ्यात आणखी किती मशीनना बांधली हे त्याच्या जॉब कार्डांवरून शोधून त्या प्रत्येक ग्राहकाला आजच फोन करावा. ही मागणी मला पैशांपेक्षा महत्त्वाची वाटते. त्या मुलाला कामावरून काढा असं मी म्हणत नाही. त्याला कुणीतरी हेच शिकवलं असणार. ज्याने शिकवलं त्याच्यापर्यंत पोचा.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. तोवर मशीन शेडमध्येच उभं राहील. आम्ही हातमशीन आणि ब्रश कटरवर काम ओढतोय. मावशी परत कामावर आल्या आहेत, पण मशीनचा आवाज आला की हातातला गवत ओढायचा पंजा टाकून भिंतीआड जाऊन उभ्या राहतात.

आपली,
बागकाम ठेकेदार, चाकण

सोबत : बिलाची प्रत, ११ जुलैचं जॉब कार्ड, दवाखान्याची कागदपत्रं, तडकलेल्या काचेचे आणि तुटलेल्या झडपेचे फोटो. कापलेली तार माझ्याकडे आहे, तुमचा प्रतिनिधी आल्यावर दाखवेन.