आमच्या ब्राउझरची नोंद बाहेर जाण्याआधी आम्हाला विचारा : केंद्रीय माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. श्री. अश्विनी वैष्णव,
केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्री,
नवी दिल्ली

विषय : शिफारशी दाखवण्यासाठी ब्राउझर लोकांच्या पाहिलेल्या पानांची नोंद वापरतात व बाहेर पाठवतात, त्याबाबत

महोदय,

स. न. वि. वि.

नागपुरात मेडिकल चौकाजवळ माझे ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचे छोटे दुकान आहे. उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणी, नॉन-क्रीमीलेअर, महाडीबीटीची शिष्यवृत्ती ही रोजची कामे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालय (आम्ही नागपूरकर त्याला नुसते मेडिकल म्हणतो) हाकेच्या अंतरावर असल्याने दिव्यांगांच्या यूडीआयडी कार्डाचे अर्जही बरेच येतात. त्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण असतात, कारण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचा समावेश झाला आहे.

विदर्भात सिकलसेल म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. म्हणून लग्नाआधी रक्त तपासून घ्या असे सरकार सांगते, आणि ते योग्यच आहे. पण तपासणीत काय निघाले हे कुणाला सांगायचे, कधी सांगायचे, हे त्या मुलीने आणि तिच्या घरच्यांनी ठरवायचे असते. वस्तीत बोभाटा झाला तर आलेले स्थळ परत जाते, आणि पाठच्या बहिणीचेही अडते.

मागच्या पावसाळ्यात एक आई आपल्या मुलीला घेऊन यूडीआयडीचा अर्ज भरायला आली. त्यांची ओळख पटेल असे काही मी लिहिणार नाही. अर्ज झाल्यावर आईने विचारले, बोन मॅरो ट्रान्सप्लांट कुठे होते, खर्च किती येतो, मदत मिळते का? मी शोधून दाखवले, दोन पाने छापून दिली. त्या गेल्या. थोड्या वेळाने त्याच वस्तीतली एक बाई मुलाच्या स्कॉलरशिपसाठी आली. मी नवीन टॅब उघडला तर पडद्यावर ‘तुमच्यासाठी’ म्हणून चौकटी मांडलेल्या : सिकलसेलवरचा नवा उपचार, ट्रान्सप्लांट करणाऱ्या एका खासगी दवाखान्याची जाहिरात, हाडांच्या दुखण्यावरचा लेख. त्या बाईने पडद्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. “काहो ताई, आता गेली त्या पोरीले सिकलसेल आहे का?”

मी काहीच बोलले नाही. उत्तर पडद्याने आधीच देऊन टाकले होते.

या प्रसंगात कुणी हॅकर नव्हता, कुणी पासवर्ड चोरला नव्हता. ब्राउझरने त्याला नेमून दिलेले काम केले. एका यंत्रापुढे एकच माणूस बसतो असे गृहीत धरून ही व्यवस्था उभी केली आहे. आमच्याकडे तसे नसते. सेवा केंद्रातला कॉम्प्युटर दिवसभर शेकडो हातांखालून जातो. घरीही एकच मोबाइल असतो. त्यावर बाप बातम्या पाहतो, मुलगी बारावीचा अभ्यास करते, आणि सगळे झोपल्यावर आई स्वतःच्या दुखण्याबद्दल शोधते. सकाळी तोच मोबाइल बापाच्या हाती येतो, आणि आईने जे कुणाला सांगितले नाही ते शिफारशीतून समोर येते.

पडद्यावर दिसते ते निदान दिसते तरी. जे यंत्रातून बाहेर जाते ते दिसतही नाही, आणि मला त्याची जास्त काळजी वाटते. पाहिलेल्या पानांची नोंद म्हणजे नुसती संकेतस्थळांची नावे नव्हेत. प्रत्येक पानाचा पूर्ण पत्ता त्यात असतो, आणि त्या पत्त्यात बरेचदा शोधलेला शब्द असतो, आजाराचे नाव असते, कधी अर्जाचा क्रमांकही असतो. पत्त्याच्या सुरुवातीला ‘एचटीटीपीएस’ असले की इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला आपण कुठल्या संकेतस्थळावर आहोत एवढे कळू शकते, आतले नेमके पान कळत नाही. ब्राउझरला मात्र सगळे दिसते, कारण पान उघडतो तोच. म्हणून त्याच्यावर टाकलेला विश्वास इतर कुठल्याही ॲपपेक्षा मोठा आहे.

कंपन्या सांगतात की नाव काढून टाकतो, मग नोंद कुणाची हे कळत नाही. जर्मनीत काय झाले ते पाहावे. तिथे एक पत्रकार आणि एक डेटा शास्त्रज्ञ यांनी बनावट मार्केटिंग कंपनी उभी केली आणि सुमारे ३० लाख जर्मन नागरिकांची ब्राउझिंगची नोंद नमुना म्हणून फुकट मिळवली. नोंदीत नावे नव्हती. तरी माणसे सापडली, कारण काही पाने अशी असतात की ती खातेदाराशिवाय कुणी उघडतच नाही, आणि त्या पानाच्या पत्त्यातच खात्याचे नाव असते. तेवढा एक धागा हाती आला की बाकीची सगळी नोंद त्या माणसाच्या नावावर जमा. एका न्यायाधीशाच्या खासगी सवयी आणि एका खासदाराची औषधे त्यातून उघड झाली. ती नोंद गोळा झाली होती एक्स्टेंशनमधून, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅममधून. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाच्याच संशोधकांनी २०२० मध्ये सुमारे ५२ हजार फायरफॉक्स वापरकर्त्यांचा अभ्यास केला, तेव्हा ९९ टक्के लोकांचा ब्राउझिंगचा ठसा दुसऱ्या कुणाशी जुळत नव्हता. आणि अवास्टचे उदाहरण तर आपल्या मंत्रालयाला माहीत असेलच. पाळतीपासून संरक्षण देतो म्हणून लोकांच्या ब्राउझरमध्ये शिरलेली ही कंपनी त्यांचीच नोंद जंपशॉट या आपल्या उपकंपनीमार्फत विकत होती. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये तिला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले.

आपल्या देशात अशी विचारणा कोण करणार, हा माझा प्रश्न आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये आला. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये. आणि मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायच्या आहेत. न्यायालयाने हक्क सांगितल्यापासून तो हातात पडेपर्यंत जवळपास दहा वर्षे.

कायद्यातले काही मला मनापासून पटते. संमती मोकळी, विशिष्ट आणि विनाअट हवी. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचता आली पाहिजे, म्हणजे मराठीतही. दिली तितक्याच सहजपणे संमती परत घेता आली पाहिजे. अठरा वर्षांखालच्या मुलांवर पाळत ठेवणे आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवणे याला मनाई आहे. पण घरातल्या एकाच मोबाइलवर बापाच्या संमतीने मुलीची नोंद गोळा होत असेल, तर ही मनाई तिच्यापर्यंत पोहोचायची कशी?

एक गोष्ट मात्र खटकते. न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने २०१८ मध्ये आरोग्य, जात-जमात, धार्मिक व राजकीय मते यांना संवेदनशील माहिती मानून वेगळे, अधिक कडक संरक्षण सुचवले होते. २०२३ च्या कायद्यात तो वर्गच राहिला नाही. सिकलसेलचा शोध आणि कूलरच्या किमतीचा शोध कायद्याच्या लेखी सारखाच. ज्या सरकारने १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले, सात कोटी लोकांची तपासणी करायचे ठरवले, त्याच सरकारच्या कायद्यात या आजाराची माहिती वेगळी जपली जाऊ नये, हे मला समजत नाही. माहिती फुटेल या भीतीने माणूस शोधायचे टाळतो, आणि शोधायचे टाळणारा माणूस तपासणीलाही येत नाही.

शिफारशींवर माझा राग नाही. स्कॉलरशिपची शेवटची तारीख एखाद्या पोराला अशा चौकटीतून कळली तर मला आनंदच आहे. पण त्यासाठी नोंद यंत्राबाहेर जायची गरज नसते. शिफारशींची अख्खी यादी यंत्रात उतरवायची आणि कुणाला काय दाखवायचे ते तिथल्या तिथे ठरवायचे, असे करता येते. फायरफॉक्सने आपल्या नवीन टॅबवर पॉकेट या आपल्या लेख सुचवणाऱ्या सेवेचे लेख याच पद्धतीने दाखवले होते. आणि विचारून करायचे तर तेही जमते. क्रोमने २०२३ मध्ये ‘टॉपिक्स’ नावाची सोय आणली. त्यात ब्राउझर आपल्या नोंदीवरून आपल्या आवडीचे विषय काढून जाहिरातदारांना पुरवत असे. युरोपातल्या लोकांना त्यासाठी परवानगी विचारली गेली. आपल्याकडे सोय आधीच चालू करून नुसते कळवले गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये गूगलने ती गुंडाळत असल्याचे जाहीर केले. तिथे विचारावे लागले कारण तिथला कायदा लागू होता.

म्हणून माझे मागणे असे. कायद्याच्या दहाव्या कलमाने केंद्र सरकारला मोठ्या कंपन्यांना ‘महत्त्वपूर्ण डेटा न्यासी’ ठरवण्याचा अधिकार दिला आहे. त्यांना मग लेखापरीक्षण करून घ्यावे लागते आणि भारतात जबाबदार अधिकारी नेमावा लागतो. देशात मोठ्या प्रमाणावर वापरले जाणारे ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्या या यादीत आल्याच पाहिजेत. नोंदीवर चालणाऱ्या शिफारशी मुळात बंद असाव्यात. चालू करायच्या तर स्वतंत्र प्रश्न विचारावा, मराठीत विचारावा, आणि ‘नको’चे बटण ‘हो’इतकेच मोठे व तितकेच समोर असावे. आजाराशी संबंधित पाने शिफारशीसाठी वापरूच नयेत, संमती असो वा नसो.

आपल्याच मंत्रालयाने भारतीय ब्राउझर बनवण्याची स्पर्धा घेतली आणि मार्च २०२५ मध्ये झोहोला १ कोटी रुपयांचे पहिले बक्षीस दिले. सरकारचा पाठिंबा मिळालेल्या ब्राउझरने तरी ही पद्धत पहिल्या दिवसापासून पाळावी, अशी अट आपण घालू शकता.

देशभरातली कॉमन सर्व्हिस सेंटर तर आपल्याच मंत्रालयाच्या योजनेतली आहेत. मी माझ्या दुकानात आता प्रत्येक ग्राहकाचे काम ब्राउझरच्या ‘गेस्ट’ खिडकीत करते, ती बंद केली की यंत्रातली नोंद जाते. पण हे मला धडपडून शोधावे लागले. गडचिरोली-गोंदियाच्या गावातल्या केंद्रचालकाला ते कोण सांगणार? प्रत्येक केंद्राला एक पानाची सूचना मराठीत पाठवा : शिफारशी बंद कशा करायच्या, गेस्ट खिडकी कशी उघडायची, ग्राहक उठल्यावर काय तपासायचे. केंद्राच्या तपासणीच्या यादीत ही बाब घाला. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, आणि मे २०२७ ची वाट पाहायचीही गरज नाही.

आपली,
मेडिकल चौक, नागपूर येथील एक सेवा केंद्रचालक