पुढच्या खेपेला म्हणू नका

महोदय,
मार्च २००५मध्ये ब्रिटिश रॉक गिटारवादक मार्क नॉफ्लर मुंबईत वाजवून गेला. बागेत आंबा उतरवायची घाई, म्हणून मी देवगडातच राहिलो. २०१९नंतर त्याने दौरेच थांबवले. ती रुखरुख होती, म्हणून ऑक्टोबर २०२४मध्ये लेकीबरोबर लंडनला रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ‘पिंक फ्लॉइड’ या रॉक बँडचा गिटारवादक डेव्हिड गिलमोर याला ऐकलं. वय ७८! तार ओढून त्याने एकच सूर वर नेला आणि तिथेच थरथरत ठेवला. मी लेकीचा हात घट्ट धरला. दशावतारातला म्हातारा राजा पुढच्या जत्रेला दिसेल न दिसेल, म्हणून आपल्याकडे लोक रात्र जागवतात. तसंच हे. तिकीट महाग असतं, मान्य. तरी आवडता वादक दौऱ्यावर आहे तोवर जाच.

– एक वाचक, देवगड