पदर उजव्या खांद्यावर कसा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गड्ड्याच्या, म्हणजे आपल्या सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, गर्दीचा एक जुना रंगीत फोटो आला आहे. फोटो सुरेख आहे, पण उलटा छापला गेलाय. डोकं खाली पाय वर असा नव्हे, आरशात दिसावा तसा. पुढे उभ्या असलेल्या तिन्ही बायकांचे पदर उजव्या खांद्यावर आहेत. एखादी असती तर गुजराती असेल म्हणून सोडून दिलं असतं, पण तिघी? मग भिंग आणलं आणि मागच्या दुकानाची पाटी बघितली. ‘पेढे’ उजवीकडून सुरू होतात.

केवळ चूक काढायला पत्र लिहीत नाही. (बत्तीस वर्षं गणित शिकवल्यामुळे तीही सवय आहेच.) तो फोटो बहुधा स्लाइडवरून घेतलेला असणार, आणि त्याच वाटेवर मी यंदा चांगलीच ठेचकाळले आहे. त्याच पानावर खाली आपण वाचकांना घरातले जुने फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला सांगितलंय. लोक माळ्यावर चढायच्या आत चार गोष्टी सांगाव्यात म्हणून हा खटाटोप.

आमचे अप्पा इथल्या एका गिरणीत विव्हिंग मास्टर होते. रशियन झेनिट कॅमेरा आणि पूर्व जर्मनीची ओर्वो फिल्म, ही त्यांची चैन. स्लाइड म्हणजे नेगेटिव्ह नव्हे, हे आता मुद्दाम सांगावं लागतं. 24 बाय 36 मिलिमीटरचा सरळ रंगीत फोटोच तो, पारदर्शक, दोन इंच चौरस पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेला. रोल धुवायला पोस्टाने मुंबईला जायचा आणि परत येईपर्यंत घरात रोज त्याची चौकशी. मग एका रात्री प्रोजेक्टर लागायचा. पडद्याला पांढरी चादर हवी, पण सोलापुरात कुणाच्या घरी बिनानक्षीची चादर असते? आजोबांचं धोतर खिळ्यांना अडकवायचो. तापलेल्या धुळीचा वास, पंख्याची घरघर, आणि दिव्याच्या उष्णतेने फिल्म मध्येच फुगून आईचा चेहरा एकदम धूसर व्हायचा. अप्पा भिंग फिरवून तो परत जागेवर आणायचे.

प्रोजेक्टरमध्ये स्लाइड डोकं खाली करून घालावी लागते, म्हणून अप्पांनी प्रत्येक चौकटीवर लाल शाईचा एक ठिपका दिला होता. स्लाइड हातात सुलट धरली की ठिपका खालच्या डाव्या कोपऱ्यात. घालताना ती फिरवली की तोच ठिपका वर उजवीकडे, नेमका अंगठ्याखाली येतो. अंधारातही चूक होत नसे. ठिपक्याशेजारी त्यांचं बारीक अक्षर: ‘संमती कट्टा, अक्षता, जाने. 79’. (यात्रेतला अक्षता सोहळा, म्हणजे सिद्धेश्वराचं लग्न, या कट्ट्यावर लागतं.) खाली कोण कोण उभं आहे त्यांची नावं.

आठ रोलच्या 288 स्लाइड्सपैकी 281 शिल्लक निघाल्या. त्यातला पहिला डबा, 36 स्लाइड्स, मी शहरातल्या एका दुकानात दिला. नाव सांगत नाही, मुलगा वागायला चांगला होता. चार दिवसांनी पेनड्राइव्ह मिळाला. मोबाइलवर फोटो बरे दिसले. घरी टीव्हीला लावले तर सगळे चेहरे पिठाच्या गिरणीतून बाहेर आल्यासारखे. विचारलं तर म्हणाला, “मॅडम, तीनशे डीपीआयने केलंय, प्रिंट क्वालिटी आहे.”

इथे माझ्यातली मास्तरीण जागी झाली. तीनशे डीपीआय म्हणजे एका इंचात तीनशे ठिपके. पोस्टकार्डाएवढा कागदी फोटो स्कॅन करायला ते ठीक. पण स्लाइडची लांबी 36 मिलिमीटर, म्हणजे जेमतेम 1.42 इंच. गुणा तीनशेने. आडवे 425 ठिपके, उभे 283. माझ्या शाळेच्या ओळखपत्रावरचा फोटो याहून मोठा असेल! तीच स्लाइड 2400 ला केली तर आडवे 3400 ठिपके मिळतात, 4000 ला साडेपाच हजारांच्या वर. त्यामुळे दुकानात ‘डीपीआय किती?’ एवढंच विचारून भागत नाही. ‘फाइल किती बाय किती पिक्सेलची, म्हणजे ठिपक्यांची, देणार?’ असं विचारा आणि आधी एकच स्लाइड करून मागा.

पण ठिपके कमी मिळाले याचं मला एवढं दुःख नाही. परत करता येतात. चौकटी वाकल्या होत्या, मशीनमध्ये सपाट बसत नव्हत्या, म्हणून त्याने 36च्या 36 फिल्म चौकटीतून कापून काढल्या आणि पुठ्ठे कचऱ्यात टाकले. लाल ठिपका गेला, म्हणून अर्ध्याहून जास्त फोटो आरशातल्यासारखे उलटे झाले. आणि अप्पांचं अक्षर गेलं. “फोटो तर सगळे आहेत ना मॅडम,” असं तो म्हणाला, आणि त्याच्या परीने ते खरंच होतं. त्या डब्यात आमच्या जुन्या घराच्या दारात आईसोबत उभ्या तीन बायकांचा एक फोटो आहे. तिघींची नावं चौकटीवर होती. अक्कलकोटच्या आत्याने एकीला नथीवरून ओळखलं. उरलेल्या दोघींना ओळखणारं आता कुणी नाही.

राहिलेल्या 245 स्लाइड्स मी आणि माझ्या भाच्याने घरीच केल्या. त्याच्याकडे 24 मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि अगदी जवळचं टिपणारी मॅक्रो लेन्स आहे. खाली एलईडीचा पांढरा दिवा, त्यावर दुधी अ‍ॅक्रिलिक, त्यावर स्लाइड, वरून सरळ खाली बघणारा कॅमेरा. आधी दिव्याऐवजी मोबाइलचा पांढरा स्क्रीन वापरून पाहिला, तर प्रत्येक फोटोवर बारीक जाळी उमटली. फिल्मची चकचकीत बाजू कॅमेऱ्याकडे आणि मंद बाजू दिव्याकडे ठेवली की फोटो सुलट येतो. धूळ रबरी फुग्याने उडवायची, तोंडाने फुंकर नको, थुंकी उडते. काहींवर बुरशीची कोळिष्टकं होती. ती ओल्या फडक्याने पुसायचा मोह झाला होता, पण भाच्याने हात धरला. बुरशीने फिल्मवरचं जिलेटिन पोखरलेलं असतं, पाणी लागलं की चित्रासकट निघून येतं.

पाच रविवार गेले. मी आधी प्रत्येक चौकटीचा, अक्षरासकट, मोबाइलने फोटो घेत होते आणि भाचा नंतर आतल्या फिल्मचा. हे त्या पहिल्या डब्याआधी सुचायला हवं होतं.

रंगांचं म्हणाल तर ओर्वोच्या जवळजवळ सगळ्या स्लाइड्स तांबूस-जांभळ्या पडल्यात. पत्र्याखालच्या माळ्यावर चाळीसहून जास्त सोलापुरी उन्हाळे काढल्यावर दुसरं काय होणार! मामा मस्कतहून दोन कोडॅक्रोमचे रोल घेऊन आला होता, त्याच माळ्यावर, त्याच डब्यांत, आणि आईची हिरवी इरकल अजून कालच घडी मोडल्यासारखी. (ती फिल्म कोडॅकने 2009 मध्ये बंद केली. ती धुणारी अमेरिकेतली शेवटची लॅब पुढच्या वर्षअखेरीस थांबली.) ओर्वोचे रंग काँप्युटरवर सुधारता येतात, पण कुठलातरी एक रंग खात्रीचा हवा. इथे सोलापूरकर असल्याचा फायदा झाला. यात्रेच्या मिरवणुकीत नंदीध्वज धरणाऱ्यांची बाराबंदी (बंदांचा अंगरखा) पांढरीच असते, त्यात वाद नाही. स्लाइडवर ती गुलाबी दिसत होती. ती पांढरी केली की मागचं आकाश, झेंडूच्या माळा, लोकांचे चेहरे बऱ्यापैकी जागेवर आले.

आणि एक नान्नजची स्लाइड. तिथलं माळढोक अभयारण्य 1979चं, अप्पा त्याच सुमारास राजदूतवरून जायचे. चौकटीवर ‘माळढोक, नान्नज’ लिहिलेलं, पण प्रोजेक्टरवर आम्हाला कधी पक्षी दिसलाच नाही. नुसतं पिवळं गवत. आम्ही भावंडं अप्पांना चिडवायचो, तुमचा माळढोक उडून गेला म्हणून. भाच्याने फाइल मोठी केली आणि उजव्या बाजूला गवतात पांढरी मान उभी दिसली. वर काळी टोपी. सबंध पक्षी फोटोच्या रुंदीचा जेमतेम दीडशेवा भाग आहे. आमच्या फाइलीत तो चाळीस ठिपक्यांचा भरतो, दुकानाच्या हिशेबाने तीन ठिपक्यांचा झाला असता. आज नान्नजला जाऊन माळढोक दिसणं किती अवघड झालंय, ते आपल्याच पेपरात वाचते. मी बराच वेळ नुसती बघत बसले. चिडवल्याबद्दल माफी मागायला अप्पा नाहीत.

आता आपल्याकडे मागणं. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो आकसून जातो, म्हणून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा असं आवाहनात लिहा. कुठला, कधीचा, कोण आहे, ही माहिती फोटोसोबत मागा. नवीन फाइलवर काँप्युटर आजची तारीख टाकतो. माझ्या मोबाइलमध्ये 1979चा गड्डा यंदाच्या जूनमध्ये, आंब्याच्या रसाच्या फोटोशेजारी बसलाय. आणि ‘आता डिजिटल झालं, मूळ स्लाइड्स टाकून द्या’ असा सल्ला कुणी देत असेल (आमच्याकडे सुनेने दिला होता), तर कृपा करून छापू नका. आमच्या स्लाइड्स माळ्यावरून उतरवून तळमजल्यावरच्या लोखंडी कपाटात ठेवल्यात. फाइलींची एक प्रत माझ्याकडे आहे, एक पुण्याला बहिणीकडे.

सोबत संमती कट्ट्याचा एक फोटो पाठवत आहे, डॉक्युमेंट म्हणून. डावीकडून दुसरी माझी आई. पदर डाव्या खांद्यावर आहे, छापण्यापूर्वी एकदा बघून घ्यावा.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका
रेल्वे लाइन्स, सोलापूर
(नाव छापू नये, ही विनंती.)